१७३५ ची पट्टी खाली आली म्हणजे लिपिड तुटलंच असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाण्यावर डीपीपीसी या फॉस्फोलिपिडचा मोनोलेयर (एक रेणू जाडीचा थर) पसरला, खाली फॉस्फोलायपेज ए-टू हे लिपिड तोडणारं एन्झाइम सोडलं आणि तासाभरात थराच्या अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटातली १७३५ प्रति सेंमीची एस्टर पट्टी बारीक झाली. याला जलविघटन, म्हणजे एन्झाइमने लिपिड तोडलं, असं म्हणायचं का?

एवढ्यावरून नका म्हणू. पृष्ठभागावर किती रेणू आहेत आणि ते कसे कललेत, यावरही पट्टीची उंची ठरते. एन्झाइम थरात नुसतं घुसलं तरी लिपिड बाजूला सरकतात, कार्बोनिलचा (एस्टरमधल्या C=O गटाचा) कल बदलतो आणि पट्टी खाली येते. मी स्वतः बरेच महिने याच भ्रमात काढलेत.

काय गेलं ते बघण्यापेक्षा नवीन काय आलं ते शोधा. हे एन्झाइम ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनवरचा एस्टर बंध तोडतं. सुटलेलं लायसोलिपिड, म्हणजे एकच साखळी उरलेलं लिपिड, हळूहळू पाण्यात उतरतं. पामिटिक आम्ल मात्र वरच राहतं, आणि एन्झाइमसाठी घातलेलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. त्या कॅल्शियम पामिटेटची जोडपट्टी साधारण १५४० आणि १५७५ ला येते. ती दिसली की मग बोला.

गोची अशी की प्रथिनाची अमाइड-दोन पट्टी नेमकी १५५० च्या आसपास. वर अमाइड-एक १६५० ला, आणि पाण्याच्या रेणूच्या वाकण्याच्या कंपनाची पट्टी १६४० ला. जड पाणी वापरलंत तर दोन्ही अडचणी सुटतात: पाण्याची पट्टी १२१० कडे जाते, अमाइड-दोन १४५० कडे. मात्र ट्रफ (थर पसरायचं उथळ भांडं) झाकून ठेवा. हवेतला ओलावा शिरला की अर्धवट जड पाणी तयार होतं, आणि त्याची पट्टीही १४५० लाच. जड पाण्यात पीएच मीटरच्या आकड्यात ०.४ मिळवायलाही विसरू नका.

लिपिडच्या हायड्रोकार्बन साखळ्यांच्या २९२० आणि २८५० च्या पट्ट्यांत उंचीपेक्षा जागा जास्त भरवशाची. साखळ्या विस्कटल्या की त्या वर सरकतात. इथे एक फसगत होते. कॅल्शियम पामिटेट घट्ट रचून बसतं, त्यामुळे लिपिड तुटत असतानाही थर शिस्तीत दिसतो आणि आपण म्हणतो, काहीच घडलं नाही.

नियंत्रण प्रयोगासाठी बहुतेक जण ईडीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन घालून कॅल्शियम काढतात. त्यात क्रिया थांबते खरी, पण तुमची साक्षीदार जोडपट्टीही जाते. त्यापेक्षा डीपीपीसीचा आरशातला समघटक घ्या. एन्झाइम त्याला चिकटतं, तोडत मात्र नाही. त्याच्यावरही १७३५ ची पट्टी तेवढीच घटली, तर उत्तर मिळालं: ती घट लिपिड तुटल्यामुळे नव्हती.

पैसे असतील तर मधल्या कार्बनवरची साखळी हायड्रोजनऐवजी ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) मागवा. तिच्या पट्ट्या २१९५ आणि २०९० ला वेगळ्या पडतात, त्यामुळे कोणती साखळी राहिली आणि कोणती गेली हे थेट दिसतं.

आपतन कोन, ध्रुवीकरण आणि बफरचा पीएच कळवा. पीएच कमी असेल तर आम्लाचा काही भाग कार्बोक्सिलेट (प्रोटॉन गेलेलं रूप) न होता १७१० च्या आसपास दिसेल आणि जोडपट्टी फिकी पडेल.