चावलेलं नाणं आणि उलटी अक्षरं

प्रश्न : काका, मंगेशीच्या देवळाजवळ माझं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. गल्ल्यात पाच रुपयांचं जुनं जाड नाणं आलं. एका बाजूने चावल्यासारखा अर्धचंद्राकार तुकडा नाही. दुसरं दोन रुपयांचं, नकाशाचं. त्या नकाशावरच उलटी अक्षरं दिसतात. मुलगा म्हणतो, टांकसाळीची चूक आहे, लाख रुपये मिळतील. फोटो पाठवते आहे. – एक वाचक, प्रियोळ

उत्तर : ताई, लाखाचं राहू द्या. पण पाचाचं नाणं गल्ल्यातून बाजूला काढा, ते मला खरं वाटतं.

टांकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढचा काप आधीच्या भोकावर चढतो आणि चकती जन्मतःच अपुरी निघते. मग तिची कड दाबून उंच करतात, म्हणजे कड उचलतात, आणि छाप पडतो तो त्यानंतर. म्हणजे तुमच्या नाण्याचा तुकडा छापाआधीच गेलेला असला, तर त्याच्या खुणा छापात असायला हव्यात. आहेत! चाव्याच्या बरोबर समोर बघा, तिथला काठ पुसट आहे. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्हीकडून दाबली जाते. एकीकडे धातूच नसला तर समोरही दाब बसत नाही. शिवाय चाव्याजवळची अक्षरं तुटलेली नाहीत, चाव्याकडे पसरत, बारीक होत गेली आहेत.

सराफीत माझी उमर गेली, कानशीची रेघ मी भिंगाशिवाय ओळखतो. घासून तुकडा काढला, तर अक्षर मध्येच छाटलं जातं, समोरचा काठ मात्र ठणठणीत राहतो. लोक वजनावर फार विसंबतात. हे नाणं मूळचं ९ ग्रॅमचं, तुमचं कमी भरेल. पण कानशीने घासलेलंही कमीच भरणार, मग वजनाने सिद्ध काय झालं?

दोन रुपयांचं नाणं खर्चून टाका. दोन नाणी एकमेकांवर ठेवून कोणीतरी व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली आहेत. टांकसाळीत आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याचंच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. त्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र येतं, एकीकडे सुलट, दुसरीकडे उलट. तुमच्या नाण्यावर नकाशा जागेवर आहे, फक्त चेपला आहे, आणि उलटी अक्षरं त्याच्यावर बसली आहेत.

आणि मोबाइलवर ‘लाखांना घेतो’ म्हणणारा आधी फी मागेल, ती देऊ नका. जुन्या नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

प्रश्न : आजीच्या पेटीत १९५९ चा पोर्तुगीज एस्कुदो मिळाला. पान उलटावं तसं नाणं पलटलं की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. छाप फिरला आहे का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. पोर्तुगीज नाणी तशीच पाडत. वरची कड धरून खाली पलटा, सरळ दिसेल. आपली आजची नाणी कुशीवर पलटली तरी सरळ राहतात, म्हणून घोटाळा होतो. मागची बाजू तिरकी, समजा चाळीस-पन्नास अंशांनी कललेली असती, तर मी स्वतः डिचोलीला बघायला आलो असतो.

नाणं काळपट पडलं आहे म्हणता, तर पडू द्या. आपल्याकडे समई दिसली की आमसूल घेऊन बसतात, तोच हात नाण्याला लागतो. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाकडे उतरते. कापसाने पुसा, कागदी पाकिटात घाला आणि पावसाळ्यात ते पाकीट कोरड्या कपाटात ठेवा.