विमानात बाळ रडलं तर?

माहेरी बाळंतपण करून परदेशात नवऱ्याकडे परत निघालेल्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी बऱ्याच येतात. दिवाळीनंतर तर जास्तच, कारण बाळाची पहिली दिवाळी आजोळी करून मग निघायचं असं घरोघरी ठरलेलं असतं. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो : "ताई, एवढा लांबचा प्रवास. बाळ रडतच राहिलं तर?"

या प्रश्नाची उत्तरं मोबाइलवर भरपूर सापडतात. त्या वाचूनच आलेल्या असतात. तरी झोप लागत नसते, म्हणून येतात.

प्राजक्ताचंही तसंच होतं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिची गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते आहे.) नवऱ्याची नोकरी सिएटलला. पहिली खेप, तिकडे हाताखाली कोणी नाही, म्हणून सातव्या महिन्याच्या आधीच ती नाशिकला आईकडे आली. मुलगी झाली. आता मुलगी सात महिन्यांची, तिचा पासपोर्ट-व्हिसा हातात, आणि नोव्हेंबरचं तिकीट काढलेलं. मुंबई ते दुबई तीन-साडेतीन तास, तिथे थांबा, पुढे सिएटलपर्यंत चौदा तासांहून जास्त. बरोबर मोठं माणूस कोणी नाही.

ती आली तेव्हा मोबाइलमध्ये सामानाची लांबलचक यादी होती. डायपर, कपड्यांचे जादा जोड, नाचणी सत्त्व, ओव्याची पुरचुंडी, लसीकरणाची फाइल, तापाचं औषध. यादी खरोखरच छान केली होती. मी तिला विचारलं, "यात तुझं स्वतःचं काय आहे?" तिने पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. काहीच नव्हतं. एक जादा कुर्तासुद्धा नाही, आणि बाळ ओकलं तर आईचेही कपडे खराब होतात!

पहिल्याच भेटीत मी तिच्याकडून बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी वापरतात ती दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. प्रवासाच्या काळजीने आलेल्या प्रत्येक आईकडून मी ती भरून घेते. रात्री तीनला उठून विमानात रडणाऱ्या बाळांचे व्हिडिओ आणि त्याखालच्या शिव्या वाचत बसणं ही कधी साधी धास्ती असते, कधी त्याखाली नैराश्य दडलेलं असतं, आणि ते ओळखायला तिकिटाची तारीख उलटेपर्यंत थांबायचं नसतं. प्राजक्ताचे गुण काळजी करण्याइतके नव्हते. पण दमणूक स्पष्ट दिसत होती.

मग मी तिला विचारत गेले. बाळ रडलं, पुढे काय होईल? लोक बघतील. बघितलं, मग? वैतागतील. वैतागले, मग? "म्हणतील, हिला स्वतःचं मूल सांभाळता येत नाही." असं कोण म्हणेल? यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बारशाला सासूबाई म्हणाल्या होत्या. हिच्याकडे बाळ शांतच राहत नाही, द्या इकडे."

सासूबाई दुष्ट नव्हत्या. पाहुण्यांच्या गर्दीत एक वाक्य बोलून गेल्या असतील, आता त्यांच्या लक्षातही नसेल. पण ओल्या बाळंतिणीच्या मनात अशी वाक्यं रुतून बसतात. विमानातले तीनशे अनोळखी लोक तेच वाक्य म्हणणार, अशी प्राजक्ताची खात्री होऊन बसली होती. बाळाच्या रडण्यापेक्षा त्या वाक्याला ती जास्त घाबरत होती. हे तिच्याच तोंडून आलं, आणि त्यानंतर आमचं काम बरंच सोपं झालं.

सात महिन्यांचं बाळ विमानात का रडतं, हे आधी नीट समजून घेतलं. विमानात आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेहूनही विरळ. विमान उतरायला लागलं की हा दाब पुन्हा वाढतो, आणि कानाच्या आत-बाहेर तो सारखा व्हायला वेळ लागतो. कान आणि घसा जोडणारी नळी बाळाची अरुंद आणि आडवी असते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाला ते मुद्दाम करता येत नाही. म्हणून उतरताना अंगावर पाजायचं किंवा बाटली द्यायची. चोखताना-गिळताना ती नळी उघडते. चाकं जमिनीला टेकेपर्यंत थांबू नये. विमान खाली यायला अर्धा तास आधीच सुरुवात होते, तेव्हाच पाजायला घ्यावं. उड्डाणाच्या वेळी त्रास कमी असतो, तेव्हा झोपलेल्या बाळाला मुद्दाम उठवू नका. सर्दी झाली असेल किंवा कान दुखत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवून घ्या.

शिवाय सात-आठ महिन्यांना बाळं अनोळखी चेहऱ्यांना बिचकायला लागतात, दातही शिवशिवत असतात. त्यात मुंबईहून परदेशी जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. कसारा घाट उतरून, रांगा पार करून विमानात बसेपर्यंत बाळाची रात्र केव्हाच मोडलेली असते. एवढं सगळं असताना ते रडलं तर त्यात आईचा दोष कुठे आला?

एका नातलग बाईंनी तिला सुचवलं होतं, सर्दीचं गुंगीचं औषध अर्धा चमचा द्यायचं, सिएटलपर्यंत झोपून जाईल. हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की मला इथे अगदी कडक बोलावं लागतं. बाळाला झोपवण्यासाठी औषध द्यायचं नाही. अशा काही औषधांनी दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावतो, त्यात मुलं दगावली आहेत. काही बाळांवर तर उलटाच परिणाम होतो, ती जास्त किरकिर करतात. ज्यांना हा सल्ला मिळतो त्यांनी "डॉक्टरांनी नाही सांगितलंय" एवढं म्हणून विषय संपवावा, वाद घालत बसू नये.

आता जे कोणी लिहीत नाही ते. प्राजक्ताने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाथरूमला कसं जायचं?" आणि पुढे म्हणाली, "मी ठरवलंय, आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायचं नाही."

अंगावर पाजणारी बाई, विमानातली कोरडी हवा, एवढे तास, आणि पाणी बंद! हे मी आणखीही काही जणींकडून ऐकलं आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. कुणाकडे पाच मिनिटं बाळ देण्यापेक्षा तहानलेलं राहणं आपल्या मुलींना सोपं वाटतं.

मदत मागायची सवयच नव्हती तिला. मग आम्ही त्याचीच तालीम केली. वाक्य ठरवलं : "मी एकटी आहे. मला पाच मिनिटं बाळाला धराल का?" हेच इंग्रजीतही बसवलं. पुढच्या भेटीला ती बाळाला घेऊन आली, तेव्हा मी तिला बाहेर पाठवलं. तिथे बसलेल्या कुणालाही हे विचारायचं आणि बाथरूमला जाऊन तोंड धुऊन यायचं. पहिल्यांदा ती कुणालाच न विचारता परत आली. दुसऱ्यांदा एका काकांना विचारलं, तर ते दचकून "मला नाही जमायचं" म्हणाले. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, बघ, नकारही मिळाला आणि काही बिघडलं नाही, आता शेजारच्या बाईंना विचार. त्या बाईंनी बाळाला घेतलं, बाळाने भोकाड पसरलं, आणि प्राजक्ता आतून धावत आली. "थांब," मी म्हटलं, "तोंड धुऊन हो." तेवढी दोन मिनिटं तिला फार जड गेली. पण तिने पूर्ण काढली. ही तालीम आम्ही पुढेही करत राहिलो.

दरम्यान तिची आई एकदा माझ्याकडे आली. काकूंचं म्हणणं, थंडी सरल्यावर जाऊ दे, एवढ्याशा जिवाला कशाला त्या गारठ्यात न्यायचं. मी त्यांना विचारलं, "थंडी सरल्यावर तुम्ही सोडाल?" काकू रडल्या. सात महिने त्यांनी बाळाला तेल लावलं होतं, न्हाऊ घातलं होतं, दृष्ट काढली होती, आणि आता ते मांडीवरून उठून जाणार होतं. हे दुःख खरं आहे, त्याला थंडीचं कारण लागत नाही. आईने ते थंडीच्या नावाने बोलून दाखवलं की मुलीला मात्र वाटतं, मी बाळाच्या जिवावर उठले आहे. काकूंनी नंतर प्राजक्ताला सरळ सांगितलं, "मला करमणार नाही, म्हणून मी अडवत होते." दोघींना बरं वाटलं.

नवऱ्याशी व्हिडिओवर बोलले. तो म्हणाला, "सगळ्यांच्या बायका जातातच की, मॅडम." माणूस प्रेमळ होता, पण सगळ्यांच्या बायका जातात हे ऐकून कुणाच्याच बायकोला धीर येत नाही. मी त्याला कामं वाटून दिली. विमान कंपनीला फोन करून पुढच्या रांगेतली जागा आणि बाळासाठीचा पाळणा मागून घ्यायचा, त्याची वजनाची मर्यादा विचारायची, कारण ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. आई एकटीच बाळाला नेत असताना वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असलेलं बरं, ते पाठवायचं. आणि मुख्य म्हणजे रजा. त्याने एका दिवसाची ठरवली होती. मी विचारलं, "पहिले आठ दिवस रात्री दोनला बाळ खेळायला उठेल, तेव्हा कोण उठणार?" त्याने रजा वाढवली.

विमानातल्या पाळण्याबद्दल एक सांगते, कारण त्यावर मुली फार विसंबतात. पट्टे बांधायची खूण लागली की बाळाला त्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं, अगदी गाढ झोपलेलं असलं तरी. पुढच्या रांगेत खुर्चीखाली पिशवी ठेवता येत नाही, त्यामुळे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी लागणारं सामान छोट्या पिशवीत काढून हाताशी ठेवायचं. बाळाचं दूध आणि पाणी शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त असलं तरी सुरक्षा तपासणीत लागेल तेवढं नेऊ देतात, फक्त वेगळं काढून दाखवायचं. वरचं दूध देत असाल तर पावडर कोरडीच न्या, लागेल तेव्हा बाटलीबंद पाण्यात करा, आणि कालवलेलं दूध दोन तासांपुढे ठेवू नका.

प्राजक्ता गेली. पोचल्यावर तिने जे सांगितलं ते असं. दुबईपर्यंत बाळ झोपलं. पुढच्या विमानात दिवे मंद झाल्यावर रडायला लागलं, ते तासभर थांबेना. पाजून झालं, फेऱ्या मारून झाल्या. मागचा एक माणूस हवाई सुंदरीला मोठ्याने म्हणाला, याला कुणी गप्प करणार आहे का? प्राजक्ताचे हात थरथरायला लागले. पलीकडच्या रांगेत एक तेलुगू आजी होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांना ना मराठी येत होतं, ना फारसं इंग्रजी. प्राजक्ताने तरी ठरवलेलं वाक्य म्हटलं आणि हात पुढे केले. आजींनी बाळाला घेतलं.

बाळ आजींकडेही रडलं. तरी प्राजक्ता बाथरूमला जाऊन आली, दोन पेले पाणी प्यायली, चार घास जेवली. पोटात काही गेल्यावर तिचे हात स्थिर झाले, आणि तिने बाळाला परत घेतलं. आणखी थोडं रडून ते झोपलं. मागच्या माणसाचं पुढे काय झालं, हे ती सांगायचंच विसरली. मी विचारल्यावर म्हणाली, "कोण जाणे, माझं लक्षच नव्हतं."

खरी कसोटी पुढे लागली. सिएटल हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, म्हणजे दिवसाची सरळ रात्र. बाळ रात्री टक्क जागं, दिवसा झोपाळू. सकाळी उजेड मिळताच बाळाला खिडकीशी किंवा बाहेर न्यायचं, रात्री उठलं तर दिवे मंदच ठेवायचे आणि खेळायचं नाही, दिवसाची झोप फार लांबू द्यायची नाही. एवढं केलं तर आठ-दहा दिवसांत बहुतेक बाळं रुळतात. आईचं रुळायला जास्त दिवस लागतात. नोव्हेंबरात तिकडे दुपारी साडेचारला अंधारतं, पाऊस, घरात तिसरं माणूस नाही. माहेरच्या भरल्या घरातून गेलेल्या मुलीला ते खायला उठतं. म्हणून आम्ही आधीच ठरवलं होतं : तिकडच्या सकाळी सातला, म्हणजे नाशिकच्या रात्री साडेआठला, काकूंशी रोज बोलायचं, आणि दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, तर तिथल्या डॉक्टरांना सांगायचं. बाळाला किंवा स्वतःला इजा करावी असं मनात आलं तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबायचं नाही. हे नवऱ्यालाही पाठ करायला लावलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, थकलेला पण ठीक आवाज. पुढच्या दिवाळीला भारतात यायचं म्हणते. तोवर लेक दीड वर्षाची पळती असेल, पाळण्यात मावणार नाही, मांडीवर टिकणार नाही. परवडत असेल तर तिची वेगळी सीट काढा, आणि या वेळी दोघांनी मिळूनच या, एवढं मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. रजेचं नवरा बघतो म्हणाला.