मेंढा आणि चांदणी असलेलं हे ब्राँझचं ग्रीक-रोमन नाणं कुठलं?

तुम्ही लिहिलंय की एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचं डोकं आहे, आणि दुसरीकडे उडी मारताना मागे वळून बघणारा मेंढा, वर चांदणी. राजाचा चेहरा कुठेच नाही. हे बहुधा सीरियातल्या अँटिओकचं नाणं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या.

बाई राणी नव्हे. मुकुट भिंगाखाली धरा, तटबंदीचे बुरूज दिसतील. ही तिखे, शहराची भाग्यदेवता. पण तिच्यावरून गाव ठरवू नका, कारण अशी बुरूजवाली देवी त्या पट्ट्यातल्या कितीतरी शहरांनी नाण्यांवर आणली. मेंढा जास्त भरवशाचा. तो मेष राशीचा मानतात.

खरा निकाल मेंढ्याभोवतीच्या अक्षरांत. ‘अँटिओखेऑन’, अर्थात ‘अँटिओककरांचं’, एवढं लागलं की गाव जवळपास पक्कं. अँटिओक नावाची शहरं अनेक होती हे खरं, पण पिसिडियातलं (हाही आजच्या तुर्कस्तानातलाच प्रदेश) अँटिओक रोमन वसाहत असल्यामुळे तिथला लेख लॅटिनमध्ये असतो. ‘एपी’ म्हणजे ‘अमक्याच्या कारकिर्दीत’, त्यानंतर येतं ते रोमन सुभेदाराचं नाव.

मग साल शोधा. ग्रीक लोक आकड्यांसाठी अक्षरंच वापरत. समजा ‘एप्सिलॉन-ऱ्हो’ दिसलं: एप्सिलॉन म्हणजे ५, ऱ्हो म्हणजे १००. ऱ्हो रोमन ‘पी’सारखा दिसतो, तिथे नवखे हमखास फसतात. दोन्ही मिळून १०५. हा शक ज्युलियस सीझरचा, इ. स. पू. ४९ पासूनचा, म्हणून नाणं इ. स. ५६-५७ चं. रोमच्या गादीवर तेव्हा सम्राट नीरो होता, पण नाण्यावर त्याचा पत्ता नाही. सुभेदार क्वाद्रातुस.

तिखेऐवजी दाढीवाला झ्यूस, म्हणजे ग्रीकांचा देवराज, आणि सुभेदार सिलानुस असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथे इ. स. पू. ३१ च्या अ‍ॅक्टियमच्या लढाईपासून (ऑगस्टसने अँटनी-क्लिओपात्राला हरवलं ती) वर्षं मोजलीत. ‘डेल्टा-म्यू’ म्हणजे ४४, म्हणजे इ. स. १३-१४.

व्यास, वजन आणि ही अक्षरं हाताशी ठेवून ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ या रोमन प्रांतांतल्या नाण्यांच्या सूचीचा ऑनलाइन संग्रह चाळा, फुकट आहे. आणि चिंच-लिंबू लावून नाणं चकचकीत करायचा मोह आवरा. हिरवा थर खरवडला की त्याच्याबरोबर सालही जातं, आणि किंमतही.