काम नसलेली मशीनंच बिल वाढवतात : वाचकांचे प्रश्न

ऑफिसातले कॉम्प्युटर आणि वीज यावर या वेळी बरेच प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, चार घेतोय.

प्रश्न : आमच्या सरकारी ऑफिसात तीनशेच्या आसपास पीसी आहेत. वरून आदेश आलाय की संध्याकाळी सगळे बंद करून जायचं. आयटीवाले म्हणतात चालू ठेवा, अपडेट रात्री टाकतो. त्यात एक सीनियर सांगतात की रोज चालू-बंद केलं की हार्डडिस्क जाते. ऐकायचं कुणाचं? आणि स्क्रीनसेव्हर लावून भागतं का?

आधी हिशोब बघू. आठवड्याचे तास 168, त्यातले ऑफिसचे 45 धरा, म्हणजे उरलेले 123 तास मशीन नुसतं जागं बसलेलं असतं. साधा डेस्कटॉप काहीही न करता 40 वॅट खातो असं धरलं (मॉनिटर सोडून) तर एका पीसीची आठवड्याला जवळजवळ 5 युनिट होतात, आणि तीनशे पीसींची साधारण 1475. तेच मशीन स्लीपमध्ये (उघडं काम मेमरीत ठेवून बाकी जवळजवळ सगळं बंद) गेलं तर 2 वॅटच्या आसपास येतं, म्हणजे तीनशेचे मिळून 74 युनिट. एवढा फरक पडतो आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

तर भांडण मिटवायचा रस्ता म्हणजे स्लीप. आयटीवाल्यांचं म्हणणं खोटं नाहीये, अपडेट जायलाच हवेत, पण त्यासाठी रात्रभर जागं ठेवायची गरज नाही. वेक-ऑन-लॅन नावाची सोय बहुतेक ऑफिस पीसींमध्ये असते, रात्री नेटवर्कवरून एक पॅकेट पाठवायचं, मशीन उठतं, अपडेट घेतं, परत झोपतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती चालू करावी लागते, आणि ते पॅकेट एका सबनेटमधून (ऑफिसच्या नेटवर्कच्या एका भागातून) दुसऱ्यात आपोआप जात नाही, त्यासाठी नेटवर्कवाल्याला थोडं काम करावं लागतं. मला वाटतं "चालूच ठेवा" चं खरं कारण बऱ्याच ठिकाणी हे "थोडं काम"च असतं!

हार्डडिस्कचं म्हणाल तर ती हजारो वेळा चालू-बंद होण्यासाठीच बनवलेली असते. रोज एकदा म्हटलं तरी दहा वर्षांत 3650 वेळा होईल. एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर हा प्रश्नच नाही. आणि स्क्रीनसेव्हरने वीज अजिबात वाचत नाही, उलट प्रोसेसरला नाचायला लावतो तो. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून तो आला होता, त्याचं काम कधीच संपलंय.

सेटिंग मात्र लोकांवर सोडू नका. ग्रुप पॉलिसीतून (विंडोजमधली, एकाच जागेहून सगळ्या मशीनना सेटिंग लावायची सोय) सगळ्यांना एकदम लावा, मॉनिटर 10 मिनिटांनी बंद, मशीन 30 मिनिटांनी स्लीपमध्ये. मग दोन दिवसांनी एक फेरी मारा, काही मशीनं तरी जागीच सापडतील. अशा मशीनवर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि पॉवरसीएफजी ही कमांड रिक्वेस्ट्स या पर्यायासकट (powercfg /requests) चालवायची, झोप कोण अडवतंय ते समोर येतं. कधी साउंडचा ड्रायव्हर असतो कारण कुणीतरी व्हिडिओची टॅब उघडी ठेवून गेलेलं असतं, कधी शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलेली असते.

प्रश्न : आमची मध्यम आकाराची कंपनी आहे, स्वतःची सर्व्हर रूम आहे. एसी 17 वर लावूनही एका कोपऱ्यातला सर्व्हर गरम होतो. नवीन मोठा एसी घ्यायला सांगतायत. घेऊ का? आणि कन्सल्टंट पीयूई सुधारू म्हणतो, ते काय प्रकरण आहे?

एवढ्यात एसी घेऊ नका. सर्व्हरच्या तोंडाशी, म्हणजे तो हवा आत ओढतो तिथे, 18 ते 27 डिग्री ही ॲशरे या एसी क्षेत्रातल्या इंजिनिअरांच्या संस्थेने शिफारस केलेली रेंज आहे. तुम्ही रूमचं टेंपरेचर बघताय, बघायला हवं ते रॅकच्या (सर्व्हर बसवतात त्या कपाटाच्या) पुढच्या बाजूचं. कोपऱ्यातला सर्व्हर गरम होतो कारण बहुतेक तो शेजारच्याने मागून सोडलेली गरम हवाच परत ओढतोय. रॅकमधल्या रिकाम्या खणांना ब्लँकिंग पॅनल (जागा झाकणाऱ्या पट्ट्या) लावा, सगळ्या रॅकची तोंडं एका बाजूला करा, वायरींचा गुंता हवेच्या वाटेतून काढा. मग एसी एकेक डिग्री वर न्यायचा. पण थेट 27 ला नेऊन ठेवायची हौस नको, कारण साधारण 25 च्या पुढे बऱ्याच सर्व्हरचे पंखे जोरात फिरायला लागतात आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याची वीज जवळजवळ आठपट होते, म्हणजे एसीत वाचवलं ते पंख्यात गेलं.

आता पीयूई. सर्व्हर रूमची एकूण वीज भागिले त्यातली फक्त आयटी मशीनची वीज. एकूण 100 युनिट आणि आयटीला 50 तर पीयूई 2. आकडा 1 च्या जितका जवळ तितकं चांगलं, गुगलसारख्यांची मोठी डेटा सेंटर 1.1 च्या आसपास चालतात. पण यात एक गंमत आहे. समजा तुम्ही बिनकामाचे सर्व्हर बंद केले, आयटी 50 वरून 40 वर आली, एसी वगैरेचे 50 होते ते 43 झाले. एकूण 83, बिल घसघशीत कमी, आणि पीयूई 2.07, म्हणजे आधीपेक्षा वाईट! त्यामुळे कन्सल्टंटची फी पीयूईवर ठरवू नका, एकूण युनिटवर ठरवा.

आणि बिनकामाचे सर्व्हर तुमच्याकडेही असणारच. काम नसलेला सर्व्हर शून्य वीज खात नाही, जुने तर फुल लोडच्या निम्म्यापर्यंत खातात. कधीतरी कुणीतरी प्रोजेक्टसाठी लावला, तो माणूस नोकरी सोडून गेला, आता बंद करायची हिंमत कुणाची होत नाही. उपाय असा की बॅकअप घ्यायचा, थेट बंद न करता आधी नुसता नेटवर्कचा पोर्ट बंद करायचा आणि कोण बोंब मारतं ते बघायचं. महिनाभर, आणि हो, महिनाअखेर आणि तिमाहीचे रिपोर्ट उलटून जाईपर्यंत थांबा, कारण काही सर्व्हर वर्षात चारदाच कामाला येतात. जे उरतील ते व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगवेगळे सर्व्हर) करून दोन-तीन चांगल्या सर्व्हरवर एकत्र आणा.

प्रश्न : मी सरकारी खरेदी विभागात आहे. टेंडरमध्ये सगळ्यात कमी दराचा पीसी घ्यावा लागतो, मग वीज वाचवणारा कसा घेणार?

दर उघडायच्या आधीच चाळणी लावायची, स्पेसिफिकेशनमध्ये. एनर्जी स्टार हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1992 मध्ये सुरू केलेलं लेबल, 1993 मध्ये तिथल्या सरकारने आदेश काढला की सरकारी खात्यांनी असेच कॉम्प्युटर घ्यायचे, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक म्हटल्यावर कंपन्या बदलल्या. तुम्हीही ते लेबल किंवा तेवढ्याच ताकदीचं दुसरं मागू शकता. पॉवर सप्लायला 80 प्लस (तो वीज कमी वाया घालवतो याचं लेबल) मागा, पण साइजही बघा, कारण 40 वॅट खाणाऱ्या पीसीला 500 वॅटचा सप्लाय दिला तर तो 8 टक्के लोडवर चालतो आणि 80 प्लसची साधी चाचणी 20 टक्क्यांपासून सुरू होते. म्हणजे लेबल खरं, उपयोग कमी. जमलं तर तुलना खरेदी दरावर न करता पाच वर्षांच्या विजेसकट करा. तिथे अडचण नियमाची कमी आणि खिशाची जास्त असते, बिल दुसऱ्या खात्यातून जातं, खरेदीवाल्याला त्याचं काय.

प्रश्न : जुने लॅपटॉप वीज जास्त खातात म्हणून बदलावेत का?

नुसतं विजेसाठी नको. लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, त्यामुळे एसएसडी टाका, बॅटरी बदला, वापरा. चोवीस तास चालणाऱ्या जुन्या सर्व्हरचं गणित उलटं आहे, तिथे वापरातली वीजच भारी पडते, तो आधी बदला.