अमेरिकन फुटबॉलचे चाहते सामने नसतानाही खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवर इतकं का भांडतात?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये सिएटलला भावाकडे आला होतात. कुठे एक सामना नव्हता, तरी त्याचे मित्र जेवायला जमले आणि ‘टीमने याला का सोडलं, त्याला का घेतलं’ यावरून हमरीतुमरीवर आले. यात एवढं भांडण्यासारखं काय असतं, आणि शेवटी बरोबर कोण हे ठरतं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सिएटलच्याच बाजूला राहतो, सीहॉक्स या इथल्या टीमचा चाहता आहे, आणि या वादांत दरवर्षी हिरिरीने उतरतो. त्या जेवणाला नसलो तरी तिथे काय बोलणं झालं असेल ते मला चांगलं ठाऊक आहे. २०२५ चा मार्च म्हणजे जीनो स्मिथ आणि डीके मेटकाफ हे आमचे दोन मोठे खेळाडू गेले तो मार्च. त्याकडे येतोच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे भांडण खेळाडू चांगला की वाईट यावर क्वचितच असतं. मेटकाफ जबरदस्त खेळतो हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. भांडण किमतीवर असतं. त्याला ठेवायचं तर काय मोजावं लागेल, त्यापायी कोणाला सोडावं लागेल, आणि विकला तर पदरात काय पडेल.

याचं कारण सॅलरी कॅप. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये, ३२ टीम आहेत आणि खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा सगळ्यांना सारखीच. २०२५ साठी ती २७.९२ कोटी डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी त्याच मर्यादेत त्याला ५३ खेळाडूंचा संघ बसवावा लागतो. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, तसंच थोडंफार. पण इथला हिशेब जास्त किचकट. खेळाडूला आज दिलेला बोनस पुढच्या चार-पाच वर्षांच्या खात्यात वाटून दाखवता येतो. त्यामुळे आज जागा होते, पण खेळाडू मधेच गेला की उरलेली रक्कम टीमच्या बोकांडी बसते. तिला इथे डेड मनी म्हणतात, म्हणजे जो माणूस तुमच्याकडे खेळतच नाही त्याच्या नावावर अडकलेली जागा.

दुसरं चलन म्हणजे ड्राफ्टचे पिक. दर एप्रिलच्या शेवटी कॉलेजमधून येणारे खेळाडू टीम पाळीपाळीने निवडतात. सात फेऱ्या होतात, आणि गेल्या हंगामात सर्वांत तळाला राहिलेल्या टीमची पाळी पहिली येते. ही पाळी विकता येते, पुढच्या वर्षीचीसुद्धा. इथले बहुतेक ट्रेड असेच होतात, एका हाताने खेळाडू द्यायचा आणि दुसऱ्या हाताने पिक घ्यायचे. नव्या पोराचा पहिल्या चार वर्षांचा पगार त्याच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेलाच असतो, आणि मुरलेल्या खेळाडूच्या मानाने तो अगदीच कमी. त्यामुळे ड्राफ्टमध्ये एखादा चांगला निघाला तर टीमला खेळाडू मिळतो आणि कॅपमध्ये मोकळी जागाही मिळते.

सिएटलने २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू, घेतला. त्याचा पहिला करार चार वर्षांचा आणि जेमतेम ३० लाख डॉलरचा होता. क्वार्टरबॅक इतका स्वस्तात मिळाल्यामुळे वाचलेल्या पैशांत टीमने बचाव बांधला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हर ब्रॉन्कोजला ४३-८ असं धुतलं. पुढचा सुपर बोल शेवटच्या क्षणी एक यार्डावरून हातचा गेला. त्यावर या शहरात आजही कोणी मोकळेपणाने बोलत नाही, मीही बोलणार नाही.

मग ८ मार्च २०२२ चा दिवस उजाडला. दहा हंगाम खेळलेला विल्सन डेन्व्हरला दिल्याची बातमी आली. मंगळवार होता, ऑफिसात कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. माझ्या शेजारी बसणारा सहकारी एव्हरेटचा, म्हणजे इथलाच. त्याच्या घरी दोन पिढ्यांपासून सीजन तिकिटं आहेत. त्याने स्क्रीनवर सौद्याचा तपशील उघडला आणि खुर्ची मागे सारून नुसता बसून राहिला. विल्सनबरोबर चौथ्या फेरीचा एक पिक द्यायचा, आणि बदल्यात २०२२ व २०२३ चे पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन आणि पाचव्या फेरीचा एक असे पिक घ्यायचे, शिवाय ड्रू लॉक, नोआ फॅन्ट आणि शेल्बी हॅरिस हे तीन खेळाडू. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसात सरळ दोन तट पडले होते.

त्याचं म्हणणं सोपं होतं आणि त्यात तथ्यही होतं. चांगला क्वार्टरबॅक मिळवायला टीम वीस-वीस वर्षं चाचपडतात. तुमच्याकडे आहे, तो तुम्ही देता, आणि घेता काय, तर अजून नाव-गाव ठाऊक नसलेली चार कॉलेजची पोरं. माझं म्हणणं वेगळं होतं. विल्सन तिशी ओलांडून पुढे गेला होता, पुढचा करार त्याने अवाच्या सवा मागितला असता, आणि बचाव तर केव्हाच पांगला होता. विकायचाच असेल तर अशी किंमत पुन्हा येणार नव्हती. विकणंही फुकटात झालं नव्हतं. त्याच्या जुन्या बोनसपोटी सिएटलच्या २०२२ च्या खात्यात २.६ कोटी डॉलर डेड मनी म्हणून बसले.

योगायोग असा की त्या हंगामाचा सिएटलचा पहिलाच सामना डेन्व्हरशी होता, १२ सप्टेंबरला, सोमवारी रात्री, आमच्याच ल्युमेन फील्डवर. त्याच महिन्यात डेन्व्हरने विल्सनला आणखी पाच वर्षांचा, २४.५ कोटी डॉलरचा करार दिला होता. तो मैदानात आला तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. दहा वर्षं ज्याच्या नावाचे टी-शर्ट घातले त्याचीच. माझ्या मागे बसलेल्या बाई मात्र उभं राहून टाळ्या वाजवत होत्या आणि ओरडणाऱ्यांना गप्प बसा म्हणत होत्या, मला ते फार आवडलं. सामना १७-१६ असा आमच्या बाजूने झुकलेला, एक मिनिट उरलेलं, चेंडू हातात राखायला डेन्व्हरला पाच यार्ड हवे होते. त्यांच्या प्रशिक्षकाने एवढे पैसे मोजून आणलेल्या विल्सनच्या हातात चेंडू दिलाच नाही. घड्याळ पळू दिलं आणि ६४ यार्डांवरून किक मारायला लावली. ती डावीकडून बाहेर गेली. स्टेडियम हादरलं.

त्या रात्री जो तो म्हणत होता की ट्रेड आपणच जिंकला. मला हे पटत नाही. एका सामन्यावरून सौदा ठरत नाही. खरा निकाल पुढे लागला. डेन्व्हरने तो हंगाम ५-१२ असा गमावला, म्हणजे पाच विजय आणि बारा पराभव. म्हणजे त्यांनी आम्हाला दिलेला पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक थेट पाचव्या क्रमांकावर आला. त्यावर सिएटलने डेव्हॉन विदरस्पून घेतला, जो पहिल्याच वर्षी प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला. बाकीच्या तीन मोठ्या पिकमधून चार्ल्स क्रॉस, बॉये माफे आणि डेरिक हॉल आले. तिकडे डेन्व्हरने मार्च २०२४ मध्ये विल्सनला सोडून दिलं आणि ८.५ कोटी डॉलर डेड मनी दोन वर्षांत अंगावर घेतले. एका खेळाडूपोटी एवढी रक्कम तोवर कोणीच गमावली नव्हती.

आता वाटेल की संपलं, मीच बरोबर. पण माझा तो एव्हरेटचा मित्र आजही हटलेला नाही, आणि त्याचा मुद्दा खोडायला सोपा नाही. तो म्हणतो, ट्रेड जिंकलास, बरं, मग पुढे काय? विल्सन गेल्यानंतरचे पहिले तीन हंगाम बघ. ९-८, ९-८, १०-७. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, त्या तीन वर्षांत फक्त एकदा पोचलो आणि तिथे सान फ्रान्सिस्कोने पहिल्याच सामन्यात ४१-२३ असं घरी पाठवलं. डेन्व्हरने एवढं नुकसान सोसूनही २०२४ मध्ये बो निक्स या नव्या क्वार्टरबॅकला घेऊन प्लेऑफ गाठलं, आम्ही त्या वर्षी बाहेर. हिशेबाच्या वहीत जिंकायचं की मैदानात? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो की विल्सनला ठेवलं असतं तर तो पगार आणि तो बोजा आमच्या डोक्यावर असता, आणि क्रॉस, विदरस्पून दुसऱ्याच गावात खेळत असते.

शिवाय हीच सीहॉक्स टीम दोनच वर्षं आधी उलट्या बाजूला होती, हे इथले लोक लवकर विसरतात. जुलै २०२० मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून जमाल अॅडम्स या सेफ्टीसाठी, म्हणजे बचावात सर्वांत मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूसाठी, आम्ही पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक दिला, वर एक चालता खेळाडू दिला. पहिल्या वर्षी अॅडम्सने ९.५ सॅक मारले (चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे सॅक), बचावफळीच्या मागच्या ओळीतल्या खेळाडूने एका हंगामात इतके कधीच मारले नव्हते. त्यामुळे सौदा सोन्याचा वाटला. पाठोपाठ त्याला सात कोटी डॉलरचा करार मिळाला. मग दुखापतींनी पाठ धरली. ज्या रात्री विल्सन परत आला आणि हुर्यो झाली, त्याच सामन्यात अॅडम्सच्या मांडीचा स्नायूबंध फाटला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. मार्च २०२४ मध्ये त्यालाही सोडलं. आमच्या दिलेल्या एका पिकवर जेट्सने गॅरेट विल्सन घेतला, तो आज त्यांचा मुख्य रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, आहे.

दुखापत कोणाच्या हातात नसते, आणि अॅडम्सने मैदानावर कधी अंग चोरलं नाही. म्हणून मी त्याला दोष देत नाही. दोष देतो तो किमतीला. सेफ्टीच्या जागेसाठी पहिल्या फेरीचे दोन पिक, हे त्या दिवशीच जास्त होतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच, की सौद्याच्या दिवशी जे ठाऊक होतं त्यावरून किंमत जोखायची. पुढे कोण जखमी झालं, कोण अचानक चमकलं, याचं श्रेय किंवा खापर त्या दिवसाच्या निर्णयावर फोडायचं नाही. बहुतेक चाहते नेमकं उलट करतात आणि म्हणून तोच वाद दर दोन वर्षांनी नव्याने सुरू होतो.

आता तुमच्या भावाच्या टेबलावरचा मार्च. हे सगळे सौदे २०२५ चा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे. क्वार्टरबॅक जीनो स्मिथला तिसऱ्या फेरीच्या एका पिकवर लास वेगास रेडर्सना दिलं. त्याच्या जागी सॅम डार्नल्डला तीन वर्षांसाठी १०.०५ कोटी डॉलरवर आणलं. २०२४ मध्ये मिनेसोटाकडून डार्नल्डने ३५ टचडाउन फेकले (टचडाउन म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण), टीम १४-३ राहिली, पण शेवटच्या दोन सामन्यांत त्याला काही सुधरलं नाही. लॉस एंजेलिस रॅम्सनी प्लेऑफमध्ये त्याला नऊदा पाडलं. जे चिडले ते त्या दोन सामन्यांकडे बोट दाखवत होते. मी कराराकडे बघितलं. त्यातली हमीची रक्कम साडेपाच कोटी, आणि नाही जमलं तर फार रक्तबंबाळ न होता बाहेर पडता येणार होतं. डार्नल्ड जीनोहून सहा-सात वर्षांनी लहानही आहे. मला हा सौदा मान्य आहे.

रिसीव्हर मेटकाफने स्वतःच बाहेर पडायचं म्हटलं होतं. पिट्सबर्गने त्याच्यासाठी दुसऱ्या फेरीचा, ५२ वा पिक दिला आणि त्याला वर्षाला ३.३ कोटींच्या हिशेबाने नवा करार केला. २०१९ मध्ये सिएटलने तो ६४ व्या क्रमांकावर घेतला होता. म्हणजे सहा हंगाम खेळवला आणि ज्या क्रमांकावर घेतला त्याहून वरच्या क्रमांकाला दिला. तो ५२ वा पिक आणखी एकाबरोबर टेनेसीला देऊन टीम ३५ व्या क्रमांकावर सरकली आणि साउथ कॅरोलायनाचा सेफ्टी निक एमानवोरी घेतला. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा हा रिसीव्हर हाताशी असताना दुसऱ्या रिसीव्हरला तेवढा पगार देणं मलाही पटलं नसतं. मन मात्र अजून हळहळतं. उंच, धिप्पाड, आणि धावायला लागला की मैदान छोटं वाटायचं.

मला खटकतंय ते वेगळंच. मेटकाफची जागा भरायला कूपर कपला तीन वर्षांसाठी साडेचार कोटी दिले. तो याकिमाचा, आमच्याच राज्यातला, त्यामुळे त्याच्या येण्याने सगळे हरखले आणि त्याच्या किमतीवर कोणी बोलायलाच तयार नव्हतं. जून २०२५ मध्ये त्याला बत्तीस पूर्ण झाली, त्याआधीची तीन वर्षं दुखापतींमुळे तो एकही हंगाम पूर्ण खेळलेला नव्हता. माणूस म्हणून आणि खेळाडू म्हणून मला त्याचा आदर आहे. पण हाच करार बाहेरच्या एखाद्या बत्तिशीतल्या रिसीव्हरला दिला असता तर सगळ्यांनी टीमला फाडून खाल्लं असतं. पुढच्या वेळी भावाकडे आलात की त्या टेबलावर हे नाव काढून बघा.