‘धग’ वाचताना : बंडी शिवायची की जुंपायची?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही पाच-सात जण दर रविवारी उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी मिळून वाचतो. शीर्षकाला रूपक म्हणावे की प्रतीक, यावर गाडे अडले आहे. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या एका शिक्षिकेला संवादांतील वऱ्हाडी उमगत नाही. शिवाय कादंबरीची नायिका कौतिक हिला ‘सहनशील स्त्री’ म्हणणे आमच्यातील काहींना पटत नाही. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : रूपकात उपमेय आणि उपमान एकच असल्याचे सांगितलेले असते. येथे धग म्हणजे अमुक, असे लेखक कोठेही बजावत नाही. म्हणून प्रतीक म्हणावे. मात्र एवढ्यावर न थांबता एखाद्या घरी चुलीपाशी बसून पाहावे. तव्यावरची भाकर काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी करतात, तेव्हा जाळ मागे सरलेला असतो, तरीही भाकर फुगते. ती फुगवते ती धग, आणि भाकर फुगेपर्यंत तीच धग करणारीच्या तोंडावरही येत असते. चटका क्षणाचा, झळ वाऱ्याबरोबर येते व जाते, धग मात्र जवळ बसणाऱ्याला सोडत नाही. कौतिकच्या, म्हणजे शिंप्याच्या, घरातले दारिद्र्य रोज थोडे थोडे भाजणारे आहे, त्यामुळे शीर्षकात ‘आग’ चालली नसती.

शब्दांविषयी सांगायचे तर सूची करण्याआधी बोलीची दोन-तीन वळणे शिक्षिकाबाईंना समजावून द्यावीत. वऱ्हाडीत ‘मला, तुला’ऐवजी ‘मले, तुले’ येते, ‘का’ऐवजी ‘काहून’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’. म्हणून ‘डोया’ म्हणजे डोळा, आणि ‘काया’ ऐकून कोणी शरीराकडे वळू नये, तो काळा रंग असू शकतो. खरी फसगत ओळखीच्या शब्दांनी होते. आपल्याकडे ‘वावर’ म्हणजे शेत आणि ‘बंडी’ म्हणजे बैलगाडी. पुण्याकडच्या वाचकाला बंडी अंगात घालायची वाटते, आणि कथा शिंप्याच्या घरची असल्याने बंडी शिवायची की जुंपायची, असा त्याचा घोटाळा झाला तर त्याला हसू नये. निवेदन प्रमाण मराठीच्या अंगाने जाते व माणसे बोलू लागली की वऱ्हाडी येते, हा सांधा प्रत्येक प्रकरणात पेन्सिलीने खुणावून ठेवावा. अलंकारांची यादी करण्यापेक्षा या कामातून अधिक हाती लागेल, कारण १९६० साली आलेल्या या कादंबरीचे मोठे वाङ्मयीन साधन तिची बोलीच आहे.

कौतिकविषयी माझे मत तुमच्यातील न पटणाऱ्यांच्या बाजूचे आहे. ‘सहनशील’ हे विशेषण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभते. तिच्या वाट्याची क्रियापदे वेगळी लिहून काढा, मग ती किती वेळा नुसती सोसते आणि किती वेळा ठरवते, बोलते, राबते, धडपडते हे तुमचे तुम्हालाच दिसेल. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला कामाला अंग चोरणाऱ्या तिच्या नवऱ्याची, महादेवाची, क्रियापदे मांडा. आणि नावाकडेही पाहा : ‘कौतिक’ हे ‘कौतुक’चेच बोलीरूप. माहेरी कोणी तरी लाडाने ठेवलेले हे नाव पुढे घरात हाक मारण्यापुरतेच उरते, यातला उपरोध लेखकाने एका शब्दानेही उलगडून सांगितलेला नाही. पुढच्या रविवारी संवाद मोठ्याने वाचा, आणि कौतिकचे बोलणे वऱ्हाडी घरात वाढलेल्या एखाद्या बाईंकडे द्या.