कॉपी पूर्ण झाल्यावर पेन ड्राइव्ह थेट उपसला तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की कॉपीची पट्टी शंभर टक्के भरल्यावरही इजेक्ट का करायचं, आणि नव्या विंडोजमध्ये त्याची गरज उरली नाही म्हणतात ते खरं का. विंडोजपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. लिनक्सवर मुळीच नाही, आणि तुम्ही दोन्ही वापरता म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लिनक्सवर कॉपी करणारा प्रोग्राम डेटा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, हवाली करतो. कर्नल तो रॅममध्ये ठेवून घेतो आणि लगेच 'झालं' म्हणून कळवतो; ड्राइव्हवर लिहिणं मागाहून चालू राहतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये असा डेटा 30 सेकंद जुना झाला की लिहायला काढतात, रॅमचा ठरावीक हिस्सा भरला तर त्याआधीच. हे डोळ्यांनी बघता येतं. एखादी दीड-दोन जीबीची फाइल साध्या पेन ड्राइव्हवर टाका आणि पट्टी भरल्या भरल्या '/प्रॉक/मेमइन्फो' (/proc/meminfo) या मेमरीची माहिती देणाऱ्या फाइलमधली 'डर्टी' (Dirty), म्हणजे अजून लिहायचा राहिलेला डेटा, ही ओळ वाचा. बहुतेक वेळा तिथे शेकडो एमबी दिसतील, आणि पुन्हा पुन्हा वाचलंत तर तो आकडा हळूहळू उतरताना दिसेल. त्या क्षणी ड्राइव्ह काढला तर तेवढा डेटा त्यावर पोचलेलाच नसतो.

बरं, नुकसान तेवढ्या एका फाइलपुरतं राहिलं तरी पुष्कळ. पेन ड्राइव्हवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टम, सहसा फॅट32 किंवा एक्सफॅट असते. फॅट32 वर एक फाइल लिहायची म्हणजे तीन ठिकाणी लिहावं लागतं: खुद्द डेटा, तो कुठल्या कुठल्या क्लस्टरमध्ये (ड्राइव्हवरच्या जागेच्या ठरावीक तुकड्यात) आहे याची साखळी, आणि फोल्डरमधली नावाची नोंद. नाव लिहिलं गेलं पण डेटा पोचला नाही, तर फाइल दिसते, आकारही बरोबर दिसतो, आणि उघडल्यावर आत कचरा. उलट झालं तर जागा अडलेली पण नाव नाही. चेकडिस्क हा विंडोजचा ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवल्यावर 'फाउंड.000' नावाच्या फोल्डरात ज्या '.सीएचके' फाइल्स निघतात, त्या हेच अनाथ तुकडे. साखळीची दुसरी प्रत फॅट32 मध्ये असते, पण तिच्यातही तोच अर्धवट बदल गेलेला असू शकतो. आणि फोल्डरचीच नोंद बिघडली तर ज्यांना तुम्ही हातही लावला नव्हता त्या जुन्या फाइल्सही जातात. माझ्या मते हा धोका सर्वात मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

एनटीएफएस (विंडोजची) आणि एक्स्ट4 (लिनक्सची) या फाइल सिस्टममध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं, त्यामुळे फाइल सिस्टमची रचना पुढच्या वेळी सावरली जाते. पण जर्नल सांभाळतं ते रचनेला. तुमच्या फाइलमधला मजकूर पूर्ण पोचला होता याची हमी ते देत नाही.

विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 च्या अखेरीपासून, बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे मूळ सेटिंग आहे. त्यात विंडोज लिहिणं रॅममध्ये अडवून ठेवत नाही, म्हणून कॉपी संपली की ड्राइव्ह काढता येतो. मात्र वेगासाठी कोणी 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं असेल, किंवा एखाद्या प्रोग्रामने ड्राइव्हवरची फाइल अजून उघडी ठेवली असेल, तर तो भरवसा संपला. पोर्टेबल हार्ड डिस्क तर मी कधीच थेट काढू नका म्हणेन, कारण तिच्या आत तबकडी फिरत असते आणि तिची स्वतःची कॅश, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची जागाही असते. इजेक्ट केल्यावर उरलेलं सगळं लिहिलं जातं आणि मग डिस्क थांबवता येते.

'डिव्हाइस वापरात आहे' असं आलं की लोक वैतागून ओढून काढतात. त्यापेक्षा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम' लॉगमधली कर्नल-पीएनपीची 225 क्रमांकाची नोंद बघा. कोणत्या प्रोग्रामने अडवलंय त्याचं नाव तिथे मिळतं. लिनक्सवर 'एलएसओएफ' (lsof) ही कमांड तेच सांगते. पुष्कळदा त्या ड्राइव्हच्या फोल्डरात उघडं राहिलेलं टर्मिनलच निघतं.

आणि ड्राइव्ह आधीच उपसून झाला असेल, तर त्यावर नवं काही लिहू नका. वाचता येतील त्या फाइल्स आधी दुसरीकडे उचलून ठेवा, चेकडिस्क त्यानंतर चालवा, कारण दुरुस्ती करताना ते स्वतःही ड्राइव्हवर लिहितं.